संस्थेची रुग्णवाहिका: बी टाइप घ्यावी की सी?

एआयएस-१२५ या रुग्णवाहिकांच्या राष्ट्रीय मानकात ए ते डी असे चार टाइप आहेत. ए (पहिली मदत पोचवणारी गाडी) आणि डी (अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट, म्हणजे एएलएस) बाजूला ठेवले, की ट्रस्ट किंवा मंडळापुढे खरा प्रश्न बी आणि सी यांचाच उरतो. बी म्हणजे वाटेत बिघडणार नाही अशी अपेक्षा असलेल्या रुग्णाची ने-आण. सी म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट (बीएलएस), वाटेत श्वास आणि रक्ताभिसरण सांभाळणारी प्राथमिक उपचारांची गाडी. तिथे उपकरणांबरोबर ती चालवणारा प्रशिक्षित माणूसही हवा.

सरकारी देखरेखीच्या बाजूने दोघींत फारसा फरक नाही. रुग्णवाहिकेला परमिट लागत नाही, फिटनेस प्रमाणपत्र मात्र लागतं: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. भाडं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं. त्याचं दरपत्रक साधारणपणे गाडीच्या आकारावर बेतलेलं असतं, आतल्या माणसावर नव्हे. म्हणजे एकाच बॉडीची बी असो की सी, भाडं जवळपास तेवढंच मिळतं आणि प्रशिक्षित माणसाचा पगार संस्थेला खिशातून भरावा लागतो. चोवीस तास सेवा म्हटली की तीन पाळ्यांना तीन माणसं आणि रजेला चौथा. पाळीचा माणूस एका रात्री आला नाही आणि तरी गाडी निघाली, तर आरसीवर सी असते आणि आत बी.

आमचा निर्णय याच गोष्टीने झाला. फिटनेसला ब्रेक, दिवे, टायर, बॉडी बघतात. त्या दिवशी ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला असेलही, पण पुढच्या महिन्यातल्या मध्यरात्री तो भरलेला आहे का, हे बघायला कोणी येत नाही. एईडीच्या (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या) पॅडची मुदत संपून जेल सुकलाय का, सक्शनची (घशातला स्राव ओढणाऱ्या यंत्राची) बॅटरी चार्ज आहे का, हेही संस्थेलाच बघावं लागतं. सी घेतली की ही सगळी जबाबदारी कागदावर येते आणि चुकलं तर जाब संस्थेलाच द्यावा लागतो.

ऑक्सिजनचा हिशोब दोन्हींत सारखाच, आणि तो ड्रायव्हरलासुद्धा यायला हवा. बी-टाइप सिलिंडर (गाडीच्या टाइपशी या नावाचा संबंध नाही) साधारण १० लिटर पाण्याच्या क्षमतेचा असतो, म्हणून गेजवरच्या (दाब दाखवणाऱ्या तबकडीवरच्या) बारमधल्या आकड्याला दहाने गुणलं की उरलेले लिटर कळतात. १५० वर १,५०० लिटर. ५० वर ५००, म्हणजे रिझर्व्हॉयर मास्कने (पिशवी जोडलेल्या मास्कने) मिनिटाला १५ लिटर सोडला तर जेमतेम ३३ मिनिटं. तेवढ्यात तालुक्याहून जिल्हा रुग्णालय गाठणं बहुतेकदा जमत नाही. सिलिंडर बहुधा रात्रीत रिकामा होतो, कारण फ्लोमीटर (प्रवाह ठरवणारा भाग) बंद केलेला असतो पण सिलिंडरची चावी उघडी राहते आणि वॉशरमधून बारीक गळती चालू असते. साबणाच्या पाण्याने ती दिसते. सांध्याला तेल किंवा ग्रीस मात्र कधीच लावू नये, आग लागते.

सी नको असं म्हणणं नाही. घाटातलं गाव, १०८ ची गाडी यायला तास लागतो आणि हाताशी टिकणारी प्रशिक्षित माणसं आहेत, तर सीच घ्यावी. पण बहुतेक संस्थांच्या फेऱ्या डायलिसिस, डिस्चार्ज, एक्स-रे यांच्याच असतात. खऱ्या तातडीसाठी २०१४ पासून १०८ आहे. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ एएलएस आणि ७०४ बीएलएस, आणि गाडीत डॉक्टर. तिच्याशी अर्धवट स्पर्धा करण्यापेक्षा नीट ठेवलेली बी बरी, असं आमचं मत झालं.

बी घेतलीत तर दोन गोष्टी कराच. गाडीवर ‘कार्डियाक’ किंवा ‘आयसीयू’ रंगवू नका, दमलेले नातेवाईक पाटी वाचूनच बसतात. आणि पाळी बदलताना वहीत गेजचा आकडा, चावी बंद केल्याची खूण आणि दोघांच्या सह्या घ्या. गेज ७५ च्या खाली असेल तर गाडी लांबच्या फेरीला सोडू नका, आधी सिलिंडर बदला.