समेट झाला, आता खटला तालुक्याच्या कोर्टात मिटवायचा की हायकोर्टात?

बांधावरून मारामारी झाली, दोन्ही घरांनी एकमेकांवर एफआयआर केले, वर्षभर तारखा खाल्ल्या आणि शेवटी भावकीतल्या जाणत्या माणसांनी बसून भांडण मिटवलं. त्यानंतर माझ्याकडे येणारं जवळपास प्रत्येक कुटुंब म्हणतं, "वकीलसाहेब, आम्ही केस मागे घेतो." एफआयआर झाल्यावर खटला सरकार चालवतं, त्यामुळे फिर्यादीला तो असा मागे घेता येत नाही. तो कायदेशीर मार्गाने मिटवावा लागतो. त्याचे मुख्य मार्ग दोन. कोणता घ्यायचा हे खर्चावरून किंवा अंतरावरून ठरवू नका, आधी एफआयआरमधली कलमं वाचा.

पहिला मार्ग खटला चालू आहे त्याच कोर्टातला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये (जुन्या संहितेत 320) आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे. साधी दुखापत आणि शिवीगाळ करून अपमान हे गुन्हे कोर्टाची परवानगी न घेता मिटतात. फसवणूक किंवा जबर दुखापत असेल तर परवानगी लागते. दोन्ही बाजूंनी सही करून तडजोडीची पुरसीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) द्यायची. न्यायाधीश समोर विचारतात, दबाव नाही ना याची खात्री करतात, आणि आरोपी निर्दोष सुटतो.

दुसरा मार्ग हायकोर्टाचा. गुन्हा त्या यादीत नसेल तर कलम 528 खाली (जुनं 482) एफआयआर आणि खटला रद्द करून मागायचा. अर्ज आरोपी करतो, त्यात सरकार आणि फिर्यादी समोरचे पक्ष असतात. फिर्यादीने हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. इथे समेट असला तरी आदेश मिळणं हक्काचं नाही. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्यान सिंग खटल्यात आखलेली रेघ अशी: घरगुती, व्यापारी, पैशाच्या स्वरूपाचे वाद मिटले असतील तर खटला रद्द करता येतो, खून, बलात्कार, दरोडा, भ्रष्टाचार यांत नाही. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण घरच्यांनी मिटवलं तरी ते संपत नाही, हे 2024 मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं, आणि ते योग्यच आहे.

आता बांधाच्या भांडणाकडे परत. एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेची 115(2) (साधी दुखापत), 352 (शिवीगाळ करून अपमान), 351(2) (धमकी) ही कलमं असली आणि एवढंच असलं तर तालुक्याच्या कोर्टातच मिटवा, दुसरा विचार नको. पण बहुतेक वेळा त्यात 118(1) पण असतं, म्हणजे कोयता, कुऱ्हाड यांसारख्या घातक हत्याराने दुखापत. ते यादीत नाही. त्या एका कलमासाठी हायकोर्ट गाठावं लागतं. त्याआधी वैद्यकीय दाखला नीट पाहून घ्या. हत्यार वापरल्याचं कागदावर कुठेच दिसत नसेल तर आरोप निश्चित होताना ते कलम गाळण्याची मागणी करता येते. ती मान्य झाली तर सगळं खालीच मिटतं.

पहिल्या मार्गातली नेहमीची चूक म्हणजे फक्त फिर्यादीची सही घेणं. दुखापतीचा गुन्हा ज्याला लागलं त्यानेच मिटवायचा असतो. फिर्याद दिराने दिली आणि डोकं वहिनींचं फुटलं असेल तर वहिनींनाच कोर्टात यावं लागेल. जखमी अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचा असेल तर पालक, तेही कोर्टाच्या परवानगीने.

अंतराचा प्रश्न आता थोडा हलका झालाय. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (खंडपीठ) सुरू झाल्याने सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना मुंबईची वारी करावी लागत नाही. तरी वकिलाची फी आणि वेळ यांत हायकोर्ट जडच जातं. हायकोर्टात अर्ज प्रलंबित असतानाही खालच्या तारखा चालूच राहतात. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं.

सासरच्या छळाच्या प्रकरणात (कलम 85, जुनं 498अ) निवड फारशी नसतेच. हे कलम यादीत नाही, म्हणून हायकोर्ट. तिथे खरी अडचण विश्वासाची असते. मुलीकडचे म्हणतात आधी पैसे द्या, मुलाकडचे म्हणतात आधी खटला संपवा. मी नेहमी हप्ते आदेशांशी बांधून घेतो: एक संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज दाखल होताना, शेवटचा डिमांड ड्राफ्टने हायकोर्टात, आदेशाच्या दिवशी. स्त्रीधन परत मिळाल्याची यादी सहीसकट जोडा. हे तोंडी ठेवलेल्या समेटांचे पुन्हा खटले झालेले मी पाहिले आहेत.

चेक न वटल्याचं प्रकरण मात्र कुठल्याही टप्प्यावर मिटतं, आणि लोकअदालत त्यासाठी उत्तम. उशिराला किंमत आहे. सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनांनुसार बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी पैसे भरले तर जादा खर्च लागत नाही. त्यानंतर निकालाआधी चेकच्या रकमेच्या 5 टक्के, अपिलात 7.5 टक्के, सर्वोच्च न्यायालयात 10 टक्के. यादीबाहेरचे गुन्हे मात्र लोकअदालतीत नेऊ नका, तिला ते अधिकारच नाहीत.

गावात तिसराही सल्ला मिळतो: "साक्षीला उभं राहा आणि काही आठवत नाही म्हणा." खर्च शून्य, म्हणून तो मोहात पाडतो. माझा त्याला ठाम विरोध आहे. शपथेवर खोटं बोलण्याचा धोका सगळा फिर्यादीच्या माथी येतो, डॉक्टर आणि पंचांच्या साक्षी तशाच उभ्या राहतात, आणि आरोपीला सुटकेची हमी मिळत नाही.

घरातला मुलगा पोलीस भरतीला किंवा सरकारी नोकरीला बसणार असेल तर हेही लक्षात घ्या: तडजोडीने झालेली सुटका आणि निर्दोषत्व सिद्ध होऊन झालेली सुटका नेमणूक करणारे सारखी धरतीलच असं नाही. हायकोर्टाने रद्द केलेला एफआयआर त्या मानाने बरा, पण फॉर्ममध्ये विचारलं असेल तर दोन्ही लिहावेच लागतात. लपवणं जास्त महागात पडतं.

हायकोर्टातून आदेश मिळाला की त्याची प्रमाणित प्रत काढून खालच्या कोर्टात दाखल करा, दुसरी पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. खालच्या कोर्टाच्या फाईलला आदेश लागला नाही तर तिथल्या तारखा पडत राहतात.