सांगलीच्या काउंटरवर प्रीमियम फोन: कुठली किंमत रास्त, कुठली फुगलेली

महागड्या फोनचा खप मंदावतोय, अशी चर्चा आहे. मग त्यांच्या किमती उतरायला हव्यात का? याला सरसकट उत्तर देता येत नाही, कारण 'प्रीमियम' या एकाच पाटीखाली निरनिराळ्या हिशोबाचे फोन विकले जातात. साधा आयफोन १७ बाजारात आला ८२,९०० रुपयांना, गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा १,२९,९९९ला आणि आयफोन १७ प्रो १,३४,९०० रुपयांना. यातल्या पहिल्या दोघांची छापील किंमत आमच्या मते रास्त आहे. तिसऱ्याची नाही.

पडताळणी कुणालाही करता येईल. भारतातल्या छापील किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो (१ एप्रिल २०२० पूर्वी तो १२ टक्के होता), तर अमेरिकेत जाहीर होणारा आकडा कर सोडून असतो. म्हणून आपली किंमत आधी १.१८ नं भागायची आणि मग डॉलरशी तुलना करायची. आयफोन १७ चे ८२,९०० भागले की ७०,२५४ येतात. अमेरिकेतले ७९९ डॉलर सप्टेंबर २०२५ मधल्या साधारण ८८ रुपयांच्या दरानं ७०,३१२ होतात. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. एस२५ अल्ट्राचे करापूर्वी १,१०,१६९ होतात आणि बाजारात आला तेव्हाच्या ८६ च्या दरानं १,२९९.९९ डॉलरचे सुमारे १,११,८००. इथं तर आपल्याला तो किंचित स्वस्तच पडतो.

आता प्रो घ्या. १,३४,९०० भागिले १.१८ म्हणजे १,१४,३२२. अमेरिकेत तोच २५६ जीबीचा फोन १,०९९ डॉलरला, म्हणजे ९६,७१२ रुपयांना. मध्ये साडेसतरा हजारांची फट उरते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात मोबाईलवरचं आयात शुल्क २० वरून १५ टक्क्यांवर आलं आणि प्रो मॉडेल तमिळनाडूतही जुळवली जाऊ लागली. त्यामुळे 'बाहेरून येतो म्हणून महाग' हे जुनं कारण आता या फरकाला पुरत नाही. प्रो घेणारा घेणारच, या भरवशावर ठेवलेली ही किंमत आहे. खप मंदावला असेल तर कात्री पहिल्यांदा इथं लागायला हवी. करासह धरलं तर ही फट वीस हजारांच्या घरात जाते.

दुसरी जागा स्टोरेजची. १७ प्रो २५६ ऐवजी ५१२ जीबीचा घेतला की किंमत १,५४,९०० होते, म्हणजे २५६ जीबी वाढवायला २०,००० रुपये. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरी चिप महागल्या आहेत हे खरं. पण २० हजारांची पायरी ही महागाई येण्याच्या आधीपासूनच आहे. आयफोनमध्ये मेमरी कार्ड बसत नाही आणि सॅमसंगनंही २०२१ च्या एस२१ पासून एस मालिकेतला कार्डाचा खण काढून टाकला. त्यामुळे फोनच्या आत जागा वाढवायची दुसरी वाट ग्राहकापुढे राहिलेली नाही. द्राक्षबागेचे, लग्नाचे फोर-के व्हिडिओ काढणाऱ्यांनी २५६ जीबीच घ्यावा आणि एक टीबीची बाहेरची एसएसडी टाइप-सी केबलनं जोडावी. आयफोन १५ पासून ही सोय आहे, आणि प्रो मॉडेलवर प्रोरेस (व्यावसायिक संपादनासाठीचा, जास्त जागा खाणारा प्रकार) व्हिडिओ थेट एसएसडीवर रेकॉर्डही होतो.

कंपन्या किंमत कमी करतच नाहीत, असंही नाही. आयफोन एक्सआर २०१८ मध्ये भारतात ७६,९०० रुपयांना आला. जानेवारी २०१९ मध्ये ॲपलनं आपल्या तिमाही उत्पन्नाचा अंदाज खाली आणला आणि त्याच एप्रिलमध्ये एक्सआर ५९,९०० वर आला. ही कपात सगळ्याच गिऱ्हाइकांसाठी होती. ठरावीक कार्ड असणाऱ्यांना वरून आणखी सवलत होती. पुढचा आयफोन ११ सुरुवातीलाच ६४,९०० ला ठेवला गेला. खप अडला की पाटीवरचा आकडा हलवता येतो, याला यापेक्षा चांगला दाखला नाही.

अलीकडे मात्र चालू मॉडेलची पाटी हलत नाही, हलतात त्या ऑफर, आणि सांगलीच्या गिऱ्हाइकाचं नुकसान नेमकं इथं होतं. जाहिरातीतली 'इफेक्टिव्ह प्राइस' ठरावीक खासगी बँकांच्या क्रेडिट कार्डावरचा कॅशबॅक, एक्स्चेंज बोनस आणि कधी कधी कूपन असं सगळं वजा करून छापलेली असते. इकडे ऊसबिल जमा होतं जिल्हा मध्यवर्ती बँकेत, व्यापाऱ्याचं खातं नागरी सहकारी बँकेत आणि ठेव पतसंस्थेत. त्यांच्या डेबिट कार्डावर पाच हजारांचा कॅशबॅक नसतो. एकाच काउंटरवर एकच डबा कार्डवाल्याला पाच हजारांनी स्वस्त आणि रोख मोजणाऱ्याला पूर्ण भावात, हे आम्हाला अन्यायाचं वाटतं. दुकानदाराकडे बोट दाखवून उपयोग नाही. या फोनवर त्याचं मार्जिन तुटपुंजं असतं, फार तर तो कव्हर, काच किंवा चार्जर देऊ शकतो. तेवढं मात्र मागून घ्या, कारण डब्यात चार्जर येत नाही.

वेळेचंही तसंच. ऑफरचा मोठा हंगाम दसरा-दिवाळीचा. सांगली जिल्ह्यात पैसा खेळतो तो जानेवारी ते एप्रिल: गाळपाची बिलं, द्राक्षाचे सौदे, मग नवी हळद. या महिन्यांत आयफोनला दिवाळीइतकी ऑफर नसते. गॅलेक्सीचं गणित मात्र जमतं. सॅमसंगची नवी एस मालिका वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारी-फेब्रुवारीत येते आणि मागच्या वर्षीच्या अल्ट्राचा भाव तेव्हाच उतरतो. आयफोनमध्ये अशी उतरण सप्टेंबरात होते. १७ आला तेव्हा १६ ची छापील किंमत ७९,९०० वरून ६९,९०० झाली. तरीही १६ घेण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. त्यात १२८ जीबी आणि ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) स्क्रीन आहे, १७ मध्ये २५६ जीबी आणि १२० हर्ट्झ. १३ हजारांत एवढा फरक मिळत असेल तर तो सोडू नये.

हप्त्यावर घेताना 'नो-कॉस्ट ईएमआय' हा शब्द जपून ऐका. बँक व्याज घेतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो. ७९,९०० चा फोन १६ टक्के दरानं बारा हप्त्यांत घेतला तर हप्ता ६,६५८ चा बसतो, मुद्दल ७३,३८४ धरलं जातं आणि ६,५१६ व्याज होतं. या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,१७३ रुपये तुमच्या खिशातून जातात. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर करासह २३५ आणखी. म्हणजे 'नो-कॉस्ट'चे साधारण १,४०० रुपये होतात. रक्कम मोठी नाही, पण रोखीत तेवढीच सूट मागता येते आणि पुष्कळदा मिळतेही. दुकानात टेबल टाकून बसलेल्या फायनान्सवाल्याकडून कर्ज घेणार असाल तर सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाचे दर-खर्च मांडणारा कागद, मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून ते द्यावंच लागतं. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर तोच. स्क्रीन विमा किंवा एखादं सदस्यत्व न विचारता कर्जात घातलेलं असेल तर तेही याच कागदावर दिसतं.

जीएसटी नोंदणी असलेल्या हळदीच्या पेढीनं किंवा बेदाण्याच्या अडत्यानं बिल धंद्याच्या नावावर, जीएसटी क्रमांकासह घ्यावं. आयफोन १७ वर १२,६४६ आणि प्रोवर २०,५७८ रुपये कर असतो. फोन धंद्यासाठी असेल तर त्याचा इनपुट क्रेडिट मिळतो, म्हणजे तेवढी रक्कम धंद्याच्या जीएसटीतून वजा होते. कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठोक दरानं जीएसटी भरण्याच्या) असाल तर मिळत नाही. बिल एकदा व्यक्तीच्या नावानं निघालं की नंतर ते बदलून घेताना दमछाक होते, त्यामुळे क्रमांक आधीच सांगा.

किंमत वसूल होते का, हे शेवटी फोन किती वर्षं टिकतो यावर ठरतं. खप मंदावण्याचं एक मोठं कारण हेच आहे की फोन टिकू लागलेत. गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंग सात वर्षांच्या अपडेटची हमी देते. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० चार्ज सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या होत्या, १५ पासून हा आकडा १,००० आहे. रोज एक पूर्ण सायकल धरली तर पावणेतीन वर्षं. म्हणजे सात वर्षांत निदान एकदा, बहुधा दोनदा बॅटरी बदलावी लागणार. म्हणून छापील किमतीइतकंच सुट्या भागांच्या दराकडे लक्ष द्या. फोन घेण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला डिस्प्ले, मागची काच आणि बॅटरी यांचे आजचे दर विचारा आणि लिहून घ्या. किंमत कमी करायची तयारी नसेल तर कंपन्यांनी निदान हे तीन दर उतरवावेत. फोन सात वर्षं चालेल असं सांगायचं आणि चौथ्या वर्षी डिस्प्लेसाठी नव्या मध्यम फोनइतके पैसे मागायचे, हे एकमेकांत बसत नाही.

अधिकृत दर परवडत नाही म्हणून लोक बाजारात 'कॉपी' डिस्प्ले टाकून घेतात. त्यातला इनसेल प्रकार एलसीडीचा असतो. तो जाड असतो, मूळ ओलेडइतका काळा रंग दाखवत नाही, उन्हात फिका पडतो आणि बॅटरीही जास्त खातो. आयफोनच्या सेटिंगमध्ये 'जनरल', मग 'अबाउट'मध्ये तो अनोळखी भाग म्हणून दिसतो, आणि पुढे एक्स्चेंजला भाव पडतो. शिवाय फोन एकदा उघडला की पाणी अडवणारी चिकट पट्टी नव्यानं नीट बसवली नाही, तर आयपी६८ ची (धूळ-पाण्यापासून संरक्षणाच्या दर्जाची) पाटी नावापुरतीच राहते.

पाण्याबद्दल सांगलीत थोडं जास्त बोलावं लागतं. आयपी६८ ची चाचणी स्वच्छ पाण्यात होते. सॅमसंगसाठी दीड मीटर आणि नव्या आयफोनसाठी सहा मीटर खोलीवर, अर्धा तास. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं जे पाणी गावात शिरलं तसल्या गाळाच्या, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यासाठी ती नाही. पाण्यानं झालेलं नुकसान नेहमीच्या एक वर्षाच्या वॉरंटीत बसतही नाही. सिमच्या खणात किंवा चार्जिंग पोर्टमध्ये ओल कळवणारी पट्टी लाल झालेली दिसली की दावा तिथंच संपतो. भिजलेला फोन चार्जिंगला लावू नका, तांदळात पुरू नका. पोर्ट खाली करून हलकेच झटका आणि हवेशीर जागी वाळू द्या.

तासगाव भागात बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. त्या खोलीत फोन नेऊ नका. सल्फर डायऑक्साइड ओलाव्याशी मिळून आम्ल बनतं आणि धातूचे संपर्कबिंदू गंजवतं. हळदीच्या गिरणीत बारीक पूड स्पीकरच्या जाळीत बसते. ती मऊ कोरड्या ब्रशनं काढायची, फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेनं नाही. आयफोन वापरायला ३५ अंशांपर्यंतची हवा योग्य धरली आहे. एप्रिलच्या दुपारी आपला पारा त्याच्या पुढे असतो, त्यामुळे उन्हात स्क्रीन अंधूक होणं किंवा चार्जिंग थांबणं हा बिघाड नव्हे. मोटारसायकलच्या हँडलला फोन अडकवण्याची सवय मात्र मोडायला हवी. इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्याचा ऑप्टिकल स्टॅबिलायझर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा भाग) बिघडू शकतो, असं ॲपलनं स्वतः सांगितलं आहे. उन्हात, बागेत दिवसभर स्क्रीन वाचायचा असेल तर एस२५ अल्ट्राची परावर्तन कमी करणारी काच या किमतीत आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटली. त्यावर साधी टेम्पर्ड काच चिकटवली की तो फायदा जातो.

काउंटरवर डबा उघडण्याआधी सील बघा. उघडल्यावर *#०६# लावून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) डब्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडा, मग फोन खरा आहे का हे तपासायला इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून पुढे तो पंधरा अंकी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. नव्या म्हणून घेतलेल्या फोनची वॉरंटी आधीच सुरू झालेली नाही ना, हे आयफोनच्या सेटिंगमध्ये वॉरंटीची नोंद उघडली की कळतं. जुना फोन एक्स्चेंजला देणार असाल तर घरूनच बॅकअप घेऊन आयफोनवर 'फाइंड माय' बंद करा, अँड्रॉइडवरून गुगल खातं काढा आणि मग रिसेट करा. खातं न काढता रिसेट केलेला फोन जुन्या पासवर्डशिवाय उघडत नाही, आणि तसा फोन एक्स्चेंजवाला घेत नाही. बोनस सोडून जुन्या फोनचा नुसता भाव किती, तो आकडा वेगळा लिहून मागा. बोनस मोठा दाखवून मूळ भाव पाडलेला असेल तर तोच फोन बाहेर रोखीनं विकलेला परवडतो.

८२,९०० च्या छापील भावात आयफोन १७ बिनदिक्कत घ्यावा. एस२५ अल्ट्रा नवी मालिका आल्यावर, म्हणजे ऊसबिलाच्या सुमाराला, उतरलेल्या भावात घ्यावा. १७ प्रो ज्यांना चारपट झूम किंवा प्रोरेस व्हिडिओ रोजच्या धंद्यात लागत असेल, म्हणजे लग्नाचे शूटिंगवाले वगैरे, त्यांनीच घ्यावा, आणि तोही जीएसटीच्या बिलावर. बाकीच्यांनी तो १,१५,००० च्या आत येईपर्यंत हात आखडता ठेवावा.