रिपोर्ट खरा होता, तेल दुसरंच होतं

बॉयलरसाठी, इंजिन-यंत्रांत वापरून झालेल्या ऑइलपासून केलेलं स्वस्त इंधन घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होतो. पुरवठादाराने लॅबचा रिपोर्ट पुढ्यात ठेवला. शिसं १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १००) आत, आर्सेनिक ५ च्या, एकूण हॅलोजन (क्लोरीनसारखी मूलद्रव्यं) ४००० च्या. भारताच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत अशा इंधनाला हीच मर्यादा आहे, अमेरिकेतही हेच आकडे. मी ताडून पाहिलं आणि कागद फाइलला लावला. 'नमुना मिळाला तसा तपासला' ही खालची बारीक ओळ वाचली होती, पण डोक्यात शिरली नाही. लॅबने बाटली तपासली होती. टँकर कुणीच तपासला नव्हता.

पहिले दोन टँकर ठीक गेले. तिसऱ्यानंतर ज्योत फडफडायला लागली. आमच्या फायरमनने, म्हणजे बॉयलर चालवणाऱ्याने, चमचाभर तेल तापलेल्या पत्र्यावर टाकलं, ते तडतडून उडालं. "साहेब, पाणी आहे." पुरवठादार म्हणाला, तळाचं असेल, बसू द्या. मी बसू दिलं! चिमणीतून काळा धूर येत नव्हता, एवढ्यावर मी निश्चिंत. पण शिसं काही जळून नाहीसं होत नाही. ते बारीक कणांबरोबर वर जातं आणि डोळ्याला दिसतही नाही.

सफाईला बॉयलर उघडला तेव्हा ट्यूबांवर राखाडी पांढरी पूड होती. ती इंजिन ऑइलमधल्या जस्त, कॅल्शियम, फॉस्फरसची; त्याचं एवढं काही नाही. इकोनॉमायझरच्या (बाहेर जाणाऱ्या धुराच्या उष्णतेवर पाणी तापवणारा भाग) थंड टोकाला मात्र खड्डे पडले होते. ऑइलमध्ये यंत्रभाग धुण्याचं क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट मिसळलं की जळताना हायड्रोजन क्लोराइड तयार होतो आणि थंड पत्र्यावर ओल धरली की तिथे आम्ल बनतं. तांब्याची तार लाल तापवून त्या तेलात बुडवली, पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार, म्हणजे तेलात क्लोरीनसारखं काही असल्याची खूण. मग टँकरमधला माझाच नमुना लॅबला दिला, तर हॅलोजन मर्यादेच्या कितीतरी वर. अमेरिकेत १००० पीपीएम ओलांडलं की घातक सॉल्व्हंट मिसळलंय असंच धरतात. तसं नाही हे ज्याचं तेल त्याने दाखवायचं. हे मला आधी माहीत असतं तर '४००० च्या आत' वाचून मी खूश झालो नसतो.

पुरवठादाराशी भांडायला गेलो, तर त्याने माझी सही दाखवली. चलनावर 'फर्नेस ऑइल' एवढंच लिहिलेलं. वापरलेल्या ऑइलचा कुठे उल्लेखच नाही, म्हणजे ते आलं कुठून हे विचारायलाही जागा नाही. धूर मोजायला येणारा माणूस चिमणी कुणाची ते बघतो, टँकर कुणाचा ते नाही. चिमणी माझी.

आता टँकर उभा राहिला की ड्रायव्हरसमोर तळातून आणि वरून नमुना काढतो, दोन बाटल्या, दोन्हींवर सील, दोघांच्या सह्या. परवा एका नव्या पुरवठादाराच्या ड्रायव्हरने बाटल्या बघून मालकाला फोन लावला आणि "नंतर येतो" म्हणून टँकर वळवला. अजून आलेला नाही.