पीकॅप की पीकॅपएनजी? वेळेच्या नोंदीपुरतं बोलू

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात नेटवर्क बघणारा मित्र विचारत होता, 'पॅकेट साठवायचे बे, पण कुठल्या फाइलीत?'

पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे; ते पकडून साठवायचे फाइलींचे दोन प्रकार म्हणजे पीकॅप आणि पीकॅपएनजी. आधी बारकावा. जुन्या पीकॅपमध्ये प्रत्येक पॅकेटच्या वेळेचे सेकंद ३२ बिटांत, उरलेला अंश आणखी ३२ बिटांत. तो अंश मायक्रोसेकंद की नॅनोसेकंद, हे फाइलीच्या पहिल्या चार बाइटांवरून ठरतं: ए१बी२सी३डी४ असेल तर मायक्रो, ए१बी२३सी४डी असेल तर नॅनो. फरक डोळ्यांना पटकन दिसतही नाही. माझ्या जुन्या स्क्रिप्टने हे न तपासता नॅनोची फाइल वाचली आणि २५० मिलिसेकंदांचे २५० सेकंद केले! अर्धा दिवस मी बिचाऱ्या नेटवर्क स्विचला शिव्या घालत होतो.

पीकॅपएनजीत वेळ ६४ बिटांची आणि तिचं माप प्रत्येक इंटरफेससाठी, म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डासाठी, वेगळं लिहिता येतं. लिहिलंच नाही, तर मायक्रोसेकंद धरायचं. दोन कार्डांवरून एकदम पकडत असाल तर हेच बरं.

जागा? दर पॅकेटमागे पीकॅपला १६ बाइट जादा, पीकॅपएनजीच्या नेहमीच्या ब्लॉकला किमान ३२. दहा लाख पॅकेटांना १६ एमबीचा फरक. आजच्या डिस्कला किरकोळ.

साडेपाच तासांची भानगड दोन्हीकडे सारखीच: नोंद यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत; भारतीय वेळ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने साडेपाच तास जोडायचे.

एकच कार्ड, जुनी स्क्रिप्ट, मायक्रोसेकंद पुरेसे, तर पीकॅप. अनेक इंटरफेस किंवा शेरे जोडायचे असतील तर पीकॅपएनजी. मित्राला मी पीकॅपएनजीच सांगितलं. त्याच्याकडे कार्डं तीन आहेत.