सिंगापूरमधली कॅमेरा खरेदी : सामान खरं, फसवणूक बिलात

सिंगापूरला निघालेल्या माणसाने इलेक्ट्रॉनिक्सची चौकशी केली की कुणीतरी सिम लिम स्क्वेअरचं नाव घेतंच. रोचर भागातली ही सहा मजली इमारत लिटल इंडियापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, त्यामुळे आपल्याकडचे पर्यटक हमखास तिकडे वळतात. २०१४च्या मे महिन्यात मी आणि दादा तिथे कॅमेरा घ्यायला गेलो. तिथे काय झालं ते नीट सांगतो, कारण ही पद्धत एकदा कळली की कुठल्याही देशात ओळखू येते.

दुकान तळमजल्यावर होतं. काचेच्या कपाटात खोकी रचलेली, पण एकाही वस्तूवर किंमत लिहिलेली नव्हती. किंमत विचारली की सेल्समन कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून तो आपल्याकडे वळवायचा. आम्हाला त्याने ७२० सिंगापूर डॉलर दाखवले. इंटरनेटवर आम्ही पाहून ठेवलेल्या भावापेक्षा हे बरेच कमी होते. कॅमेरा हाताळायला दिला, दोन फोटो काढून दाखवले, कार्ड घेतलं आणि मशीनमधून फिरवलं. मग खोकं ‘सील तपासून आणतो’ म्हणत आतल्या खोलीत नेलं.

बिल आलं ते यानंतर. कार्बन कॉपीचं बिलबुक होतं. त्याने ते काउंटरवर ठेवलं आणि डाव्या हाताने दाबून धरलं. अंगठा नेमका रकमेच्या रकान्यावर. सही कुठे करायची तिथे पेनाने फुली मारलेली. ‘वॉरंटीसाठी सही, सर,’ एवढंच म्हणाला. वॉरंटी कंपनीचीच असते, तिला वेगळे पैसे पडत नाहीत, हे कुणालाही माहीत असतं. मी सही केली. त्याने पान फाडलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, ‘आता वॉरंटीचे ५८० डॉलर.’

ही कंपनीची वॉरंटी नव्हती, दुकानाची स्वतःची होती. बिलावर बारीक अक्षरात ती छापलेली होती आणि खाली माझी सही. नको म्हटलं तर कॅमेरा मिळणार नाही, सौदा मोडला तर ३०० डॉलर कापणार, तेही त्याच कागदावर छापलेलं. तोवर दाराशी आणखी दोघं येऊन उभे राहिले होते आणि मघाचा ‘सर’ गायब झाला होता.

दादा म्हणाला, ‘एक पैसा भरू नकोस. आधी बिलाचा फोटो काढ.’ फोटो काढू दिला नाही. आम्ही ९९९ला फोन केला. पोलीस आले, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि हा दिवाणी वाद आहे, ग्राहक संघटनेकडे जा, असं सांगितलं. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचं होतं. शेवटी ४२० डॉलर रोख परत घेऊन बाहेर पडलो. ३०० डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण चौदा हजार रुपये, कॅमेऱ्याशिवाय गेले. भारतात आल्यावर बँकेकडे तक्रार केली. सही माझीच असल्याने ती टिकली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या इमारतीतल्या एका दुकानात व्हिएतनामच्या एका कामगाराला आयफोन ६ घेताना हेच झालं. ९५० डॉलर भरल्यावर वॉरंटीपोटी आणखी १५०० मागितले. त्याने गुडघे टेकून पैसे परत मागितले, हात जोडले. तो व्हिडिओ इंटरनेटवर पसरला आणि सिंगापूरचेच लोक खवळले. त्यांनी त्याच्यासाठी ऑनलाइन वर्गणी गोळा केली. त्या भल्या माणसाने ती मोठी रक्कम नम्रपणे नाकारली. दुकानाच्या मालकाला २०१५मध्ये ३३ महिन्यांची कैद झाली. बातमी वाचताना मला त्या माणसाचे जोडलेले हातच दिसत होते. महिनोन्‌महिने राबून जमवलेले पैसे असे हिसकावून घेणं याला मी व्यापार म्हणणार नाही.

सगळी इमारत अशी नाही, हेही सांगायला हवं. वरच्या मजल्यांवर कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारी जुनी, सचोटीची दुकानं आहेत आणि स्थानिक लोक तिथेच जातात. मात्र दुकान कुठलंही असो, कार्ड पाकिटातून काढायच्या आधी एकूण रक्कम बिलावर लिहून मागा: वस्तू, वॉरंटी, कर, सगळं धरून. ‘जीएसटी वेगळा’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. नोंदणीकृत दुकानदाराने ग्राहकाला करासकट किंमत सांगायची, असा तिथला कायदाच आहे. आमच्या वेळी हा कर ७ टक्के होता, २०२४पासून ९ टक्के आहे. पैसे दिल्यावर खोकं नजरेआड जाऊ देऊ नका.

आणि तरीही अडकलात, तर ‘केस’ म्हणजे कन्झ्युमर्स असोसिएशन ऑफ सिंगापूरकडे जा, किंवा थेट स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या न्यायाधिकरणात, दावा लावा. तिथे वकील लागत नाही आणि पर्यटकांची प्रकरणं लवकर ऐकली जातात. आम्हाला हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून खरेदी परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नका. सिंगापूरला पोचल्या पोचल्या उरका, म्हणजे दाद मागायला हातात दिवस राहतील.