'आयला' चालेल का? ख्रिस्ती घरांतली दोन मतं

शिवी वाईट, यावर यवतमाळ-अमरावतीकडच्या ख्रिस्ती घरांत दुमत नाही. अडतं ते 'आयला', 'च्यामारी', 'भैताड' (म्हणजे वेडपट, मूर्ख) अशा शब्दांवर. ऐन फवारणीत पंप बंद पडला की हेच तोंडातून निघतं, आणि लेकरं ते लगेच उचलतात.

कडक मताचे लोक बायबलमधलं इफिसकरांस पत्र 4:29 दाखवतात: तोंडातून कुजकं भाषण निघू नये. मत्तय 12:36 तर प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब मागतं. इंग्रजीतले 'गॉश', 'जीझ' हे देवाचं आणि येशूचं नाव जरा फिरवून घेतलेले शब्द, म्हणून तेही या मंडळींना नकोत. आपल्याकडे मात्र फिरवलेली असते ती आईवरची शिवी. म्हणजे इथे लागू होते दहा आज्ञांपैकी आईबापाचा मान राखण्याची आज्ञा. बहुतेक प्रॉटेस्टंटांच्या मोजणीत पाचवी, कॅथलिक मोजणीत चौथी. हा मुद्दा मला वजनदार वाटतो.

सैल मताचे लोक म्हणतात, 'आयला' म्हणणाऱ्याच्या मनात कोणाचीच आई नसते. उलट त्यानं खरी शिवी गिळलेली असते. कलस्सै 3:8 मध्येही प्रेषित पौल आधी राग, संताप आणि दुष्टपणा टाकायला सांगतो, घाणेरडं बोलणं त्यानंतर येतं. हेही खरंच आहे.

पण शब्द कोणावर पडला, हे दोघंही फारसं पाहत नाहीत. बंद पंपाला 'आयला' म्हटलं तर कोणाचं काही गेलं नाही. सालगड्याला चारचौघांत 'भैताड' म्हटलं तर तो माणूस खाली मान घालतो. मत्तय 5:22 मध्ये येशू भावाला मूर्ख म्हणण्याबद्दलच इतकं कठोर बोलतो, आणि आपल्या घरांत हा शब्द मायेचा समजून सोडून दिला जातो. तसंच 'देवाशप्पथ'चं. शपथच वाहू नका, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असू द्या, असं मत्तय 5:34-37 उघड सांगतं. तरी 'आयला'वर डोळे वटारणारे आईबाप ही शपथ रोज ऐकून घेतात.

घरात लहान लेकरं असतील तर कडक नियम धरा, कारण पंप आणि माणूस यांतला फरक त्यांना कळत नाही. मोठ्यांच्या घरात 'आयला'वरून भांडू नका; आधी 'भैताड' आणि 'देवाशप्पथ' बंद करा. 'काय बाप्पा!' हा नुसता उद्गार मात्र खुशाल म्हणू द्या.