तांबट आळीत आजीचा बंब दुरुस्त करून घेतला, त्याचा अनुभव

आजीचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब आमच्या बाल्कनीत बारा वर्षं पडून होता. आतली जाळी गेलेली, तोटीपाशी गळायचा आणि पोटाला हा एवढा मोठा पोचा. घराजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात नेला तर त्यांनी धड बघितलासुद्धा नाही, सरळ काट्यावर ठेवला आणि मोडीचा भाव सांगितला. इतकं वाईट वाटलं ना, की तसाच रिक्षात घालून परत आणला. मग मावशी म्हणाली, अगं कसब्यात ने, तांबट आळीत, तिथे नाही झाला तर कुठेच होणार नाही.

जन्मापासून पुण्यात राहूनही मी या आळीत कधी गेले नव्हते, हे लिहिताना लाज वाटते. कसबा गणपतीला दरवर्षी जातो, दर्शन घेतो आणि लक्ष्मी रोडला वळतो. यावेळी गणपतीवरून पुढे आत गेले तर पत्ता विचारायची गरजच पडली नाही, ठक ठक ठक असा आवाज यायला लागला आणि त्या आवाजाच्या मागे गेले. एका वेळी तीन-चार हातोड्या चालू असतात, प्रत्येकीचा सूर वेगळा, मोठ्या भांड्याचा घुमतो, लहानाचा टणक येतो.

ज्या काकांकडे काम दिलं त्यांनी बंब आडवा केला, बोटाने सगळीकडून वाजवून बघितला आणि म्हणाले, "ताई, पत्रा चांगला जाड आहे, हा मोडीत घालू नका." तेवढ्यावरच माझं काम झालं होतं खरं तर! मग त्यांनी नीट समजावून सांगितलं, आधी भट्टीत तापवून तांबं नरम करायचं, मग पोचा आतून ठोकून काढायचा, तोटीला नवा डाख द्यायचा, म्हणजे धातू वितळवून सांधा पक्का करायचा, जाळी नवीन बसवायची आणि शेवटी बाहेरून मठार. मठारकाम म्हणजे तांब्याच्या भांड्यांवर ते छोटे छोटे चकचकीत खळगे असतात ना, ते. मला वाटायचं ती नुसती नक्षी आहे. तर तसं नाही, तापवून नरम झालेलं तांबं ठोक्यांनी परत कडक होतं, भांडं लवकर चेपत नाही. आणि हे सगळं नजरेच्या अंदाजाने, डाव्या हाताने भांडं फिरवायचं, उजव्याने ठोका, कुठे आखलेलं नाही काही नाही, तरी ओळ सरळ! मी अर्धा तास तिथेच उभी राहिले, कोणी हटकलं नाही, उलट बसायला स्टूल दिलं.

हे कारागीर त्वष्टा कासार समाजाचे, पूर्वज पेशवाईत कोकणातून इथे आले. पूर्वी घरोघरी हंडे, घागरी, बंब लागायचे, मग स्टील आलं, गिझर आले आणि काम कमी झालं. आता बाटल्या, दिवे, हॉटेलवाल्यांच्या ऑर्डरी असं बरंच नवीन करतात. शेजारी बुरूड आळी, शिंपी आळी, नदीकडे कुंभारवाडा, म्हणजे अख्खी पेठच हाताच्या कामावर वसलेली. लोक शनिवारवाड्यासमोर फोटो काढतात आणि परत जातात, पण तो १७३२ चा, कसबा त्याच्या कितीतरी आधीचा. माझ्या मते जुनं पुणं बघायचं तर इथेच यावं, कारण इथे ते अजून काम करतंय.

आता तक्रारीचं. तीन आठवडे सांगितले होते, पाच लागले, लग्नसराई होती हे मान्य, पण एक फोन करायला हवा होता, माझी एक फेरी फुकट गेली. गाडी लावायला जागा अजिबात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेलं कसबा पेठ मेट्रो स्टेशन जवळ आहे, तिथून चालत या. पैसे साडेतीन हजार घेतले, पावती हाताने लिहून दिली. मला महाग वाटलं नाही, आठवडाभराची तरी मेहनत आहे त्यात.

एक सांगते, आतून कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंच काही ठेवू नका, कळकतं. काकांनी न विचारता मला हे दोनदा बजावलं.

बंब भोरच्या घरी नेला. नरक चतुर्दशीला पहाटे अंगणात बंबफोड म्हणजे बारीक फोडलेली लाकडं घालून पेटवला, वीस मिनिटांत पाणी कढत, तोटीतून एक थेंब गळाला नाही. आईने पहिली बादली भरली आणि त्या धुराच्या वासाच्या पाण्यात हात घालून बराच वेळ तशीच बसून राहिली. पुढच्या महिन्यात तिची पितळी पातेली घेऊन परत जाणार आहे.